अमेरिकेत रायफल खरेदीची वयोमर्यादा: ती काय अडवते, काय अडवत नाही आणि पालकांनी काय करायचं

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या, पण घरात कधी बंदूक न आलेल्या माणसांचा एक समज असतो की एकवीस वर्षांखालच्या पोराला इथे बंदूक मिळत नाही. हा समज पिस्तुलापुरता आणि दुकानापुरता खरा आहे. रायफलचं गणित वेगळं आहे. शाळेत किंवा बाजारात गोळीबार झाला की 'वय वाढवा' अशी मागणी होते, आणि ती रास्तच आहे. पण वयाची अट दुकानाच्या काउंटरवर लागू होते. घरातलं कपाट, वडिलांनी दिलेली भेट आणि मित्राने नावावर घेऊन दिलेली बंदूक तिच्या बाहेर राहते. तिथे काय करता येतं, हे कायद्याइतकंच माहीत असायला हवं.

आधी मूळ नियम

१९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार परवानाधारक विक्रेत्याला २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर विकता येत नाही. रायफल आणि शॉटगनसाठी मात्र १८ पूर्ण असले की पुरे. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चेंबरमध्ये येऊन बसते. चाप पुन्हा पुन्हा ओढायचा, मध्ये हाताने काही करावं लागत नाही. अशी एआर-१५ आणि दर गोळीला खटका (गोळी चेंबरमध्ये सरकवणारा बोल्ट) मागे ओढावा लागणारी शिकारीची साधी रायफल, या दोघींत फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायदा वयाच्या बाबतीत काहीच फरक करत नाही. गंमत अशी की रायफलचा नुसता सांगाडा, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो सुटा विकत घ्यायला मात्र २१ लागतात. तो अजून 'रायफल' झालेला नसतो, म्हणून. एकोणीस वर्षांच्या मुलाला अख्खी रायफल मिळते, सुटा सांगाडा मिळत नाही.

हे झालं दुकानाचं. विनापरवाना खासगी विक्रेता असेल तर १८ वर्षांखालच्याला पिस्तूल देणं फेडरल गुन्हा आहे, पण रायफलला फेडरल पातळीवर किमान वयच नाही. पिस्तुलाची २१ ची अटही आता न्यायालयांत हेलकावे खाते आहे. २०२५ मध्ये पाचव्या सर्किट न्यायालयाने (सर्किट म्हणजे काही राज्यांचं मिळून असलेलं फेडरल अपील न्यायालय) ती घटनाबाह्य ठरवली, तर चौथ्या सर्किटने त्याच वर्षी ती उचलून धरली.

आपल्या राज्याचा कायदा कसा वाचायचा

'आमच्या राज्यात २१ आहे' एवढं ऐकून थांबू नका. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मूळ कलम मोफत वाचायला मिळतं. ते उघडा आणि क्रियापद शोधा. बंदी 'विकण्यावर' आहे, 'विकत घेण्यावर' आहे की 'बाळगण्यावर'? सगळा फरक इथे पडतो. फ्लोरिडाने पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर (१४ फेब्रुवारी २०१८, १७ मृत्यू) तीनच आठवड्यांत सर्व बंदुकांसाठी २१ ची अट घातली. पण ती खरेदीवर आहे. अठरा ते वीस वयाच्या मुलाने बंदूक बाळगणं किंवा आईवडिलांकडून भेट घेणं त्या कायद्याने थांबत नाही. मार्च २०२५ मध्ये अकराव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने हा कायदा वैध ठरवला, तेव्हा याच मर्यादित व्याप्तीचा त्याला आधार मिळाला.

दुसरं, कोणती बंदूक? वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये सार्वमताने केलेल्या कायद्यात व्याख्या इतकी रुंद आहे की छोट्या .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफलही तिच्यात येते. कॅलिफोर्नियाने बहुतेक जोरकस रायफलींत वापरल्या जाणाऱ्या सेंटरफायर काडतुसांच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींसाठी वेगळा, जास्त कडक नियम केला. न्यूयॉर्कने बफेलोतल्या सुपरमार्केटमधल्या हल्ल्यानंतर (१४ मे २०२२, १० मृत्यू, हल्लेखोर १८ वर्षांचा) वयाचा आकडा थेट बदलण्याऐवजी सेमी-ऑटोमॅटिक रायफलला परवाना सक्तीचा केला, आणि परवान्याला २१ वर्षं लागतात. परिणाम तोच, पण कलम भलत्याच ठिकाणी सापडतं. 'किमान वय' असं शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

तिसरं, सवलती. लष्करातले, पोलिसांतले तरुण बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. व्हर्मॉन्टमध्ये शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला २१ च्या आधीही बंदूक घेता येते. इलिनॉयमध्ये २१ खालच्याला बंदूकमालकाचं ओळखपत्र मिळवायला पालकाची संमती लागते, आणि ही संमती किती सहज दिली जाते ते हायलंड पार्कने दाखवलं. ४ जुलै २०२२ च्या मिरवणुकीवर गोळीबार करून सात जणांचा जीव घेणाऱ्या तरुणाच्या अर्जावर वडिलांनी सही केली होती. पुढे वडिलांना बेफिकिरीच्या गुन्ह्यात ६० दिवसांची कैद झाली.

डेलावेअर आणि ऱ्होड आयलंडने २०२२ मध्ये, कोलोरॅडोने २०२३ मध्ये वय वाढवलं. कोलोरॅडोचा कायदा दहाव्या सर्किटने २०२४ मध्ये टिकवला. पण बंदुकीचे कायदे देशाच्या जुन्या परंपरेशी जुळले पाहिजेत असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर जुनी उत्तरं वारंवार बदलली आहेत, त्यामुळे कलमाखाली दिलेली शेवटच्या दुरुस्तीची तारीख पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

काउंटरवर नेमकं काय घडतं

गिऱ्हाईक ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतं. विक्रेता एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडे किंवा राज्याच्या यंत्रणेकडे गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला पाठवतो. फेडरल नियमानुसार कामकाजाच्या तीन दिवसांत नकार आला नाही, तर विक्रेता बंदूक देऊ शकतो. जून २०२२ मध्ये झालेल्या बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज ॲक्टने १८ ते २० वयाच्या गिऱ्हाइकासाठी यात भर घातली. आता एफबीआयला राज्याची बालगुन्हेगारी नोंद, मानसिक आरोग्याच्या न्यायालयीन आदेशांची नोंद आणि मुलगा राहतो तिथलं पोलीस खातं, या तिन्ही ठिकाणी विचारावं लागतं. शंकेला जागा दिसली तर मुदत दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढते.

चांगली तरतूद आहे. पण तिची धाव कुठवर, हे नीट लक्षात घ्या. तपासणीत फक्त ते सापडतं, जे कुठेतरी नोंदलेलं आहे आणि कायद्याने खरेदीला आड येतं. बफेलोच्या हल्लेखोराने वर्षभर आधी शाळेत खून आणि आत्महत्येची भाषा केली होती. पोलीस आले, त्याला मानसिक तपासणीसाठी नेलं गेलं, आणि तो परत आला. नुसती मानसिक तपासणी म्हणजे मनोरुग्णालयात सक्तीने दाखल करणं नव्हे; सक्तीने दाखल करण्याच्या आदेशाने बंदूक घ्यायला फेडरल बंदी येते, तपासणीने येत नाही. रेड फ्लॅग आदेशासाठी, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडच्या बंदुका काढून घेणाऱ्या न्यायालयीन आदेशासाठी, कोणी अर्ज केला नाही. नंतर तो दुकानात गेला तेव्हा नोंद कोरी होती.

म्हणून मुलाला तपासणीसाठी नेलं, पोलीस येऊन गेले, शाळेने समज दिली, एवढ्यावर 'आता नोंद झाली असेल' असं धरून चालू नका.

घरातलं कपाट

सॅंडी हूकच्या शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. हल्लेखोर २० वर्षांचा होता आणि रायफल आईची होती. खरेदीच्या वयाची कोणतीही अट तिथे पोचलीच नसती. सीक्रेट सर्व्हिसच्या राष्ट्रीय धोका मूल्यांकन केंद्राने २००८ ते २०१७ मधल्या ४१ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. बंदूक वापरलेल्या हल्ल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वेळा ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आली होती.

तुमच्या घरात बंदूक नसली तरी हा भाग सोडू नका. मूल ज्या घरी खेळायला, अभ्यासाला, रात्री राहायला जातं, त्या घरी विचारायचं असतं. आपल्याकडे असं विचारणं जड जातं, समोरच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. यावर साधा उपाय म्हणजे हा प्रश्न बाकीच्या प्रश्नांत मिसळून टाकायचा. ॲलर्जी सांगायची, कुत्रा आहे का, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का हे विचारायचं, आणि त्याच ओघात, 'घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?' बंदूक बाळगणारी जबाबदार माणसं या प्रश्नाने दुखावत नाहीत. उत्तर गुळमुळीत आलं तर मुलांना आपल्याच घरी बोलवावं.

घरात बंदूक असेल तर क्रम असा. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग खटका मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. हा क्रम उलटा केला, म्हणजे चेंबर रिकामं करून मॅगझिन तसंच ठेवलं, तर खटका पुढे जाताना नवी गोळी आत ढकलतो. 'रिकामी होती' म्हणून सुटलेल्या कितीतरी गोळ्यांचं कारण हेच असतं. मग केबलचं कुलूप काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून आत घालून मॅगझिनच्या खाचेतून बाहेर काढायचं, म्हणजे खटका बंदच होत नाही. अशी कुलपं प्रोजेक्ट चाइल्डसेफमार्फत पोलीस ठाण्यांत मोफत मिळतात. चापाला लावायचं कुलूप भरलेल्या बंदुकीवर कधीही चढवू नका. ते लावतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

लहान मुलासाठी केबल चालते. सतरा वर्षांच्या, हात चालणाऱ्या पोरासाठी ती कापणं अवघड नसतं. तिथे पोलादी तिजोरीच हवी, आणि ती भिंतीतल्या खांबांना किंवा जमिनीला बोल्टने जखडलेली, नाहीतर ती तिजोरीसकट उचलून नेता येते. काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या खोलीत. रायफलचा खटका पूर्ण सुटा काढून तिसरीकडे ठेवला तर आणखी बरं; त्याच्याशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. आकडी कुलपाला जन्मतारीख, घरक्रमांक किंवा फोनचा पिन देऊ नका. फसतं ते बहुतेकदा इथेच. मुलाला कपाटाची जागा माहीत असतेच, किल्लीची जागाही माहीत असते, आणि आईवडिलांना वाटत असतं की त्याला माहीत नाही.

घरातलं कोणी खचलेलं, संतापलेलं, कोंडून घेतल्यासारखं वागत असेल, तर बंदूक काही आठवडे घराबाहेर ठेवा. काही दुकानं, नेमबाजीच्या रेंज आणि पोलीस खाती ती ठेवून घेतात. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनमध्ये अशा ठिकाणांचे नकाशे प्रसिद्ध आहेत. मित्राकडे ठेवण्याआधी राज्याचा नियम पाहा. काही राज्यांत तात्पुरत्या हस्तांतरणालाही तपासणी लागते. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला असेल तर ९८८ वर कधीही फोन करता येतो.

आणि भेट. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये १४ वर्षांच्या मुलाने चार जणांना मारलं. वर्षभर आधी त्याच्याविषयी एफबीआयकडे सूचना आल्या होत्या, स्थानिक पोलीस घरी येऊन बाप-लेकाशी बोलून गेले होते. तरी त्यानंतर वडिलांनी मुलाला रायफल भेट दिली, असं तपासात पुढे आलं आणि वडिलांवरही गुन्हे दाखल झाले. मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलच्या हल्लेखोराच्या आईवडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी किमान १० वर्षांची शिक्षा झाली.

वाढदिवसाच्या आधीचे महिने

टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेवरच्या हल्लेखोराने (२४ मे २०२२, १९ मुलं आणि २ शिक्षिका मृत) अठरावा वाढदिवस होताच काही दिवसांत दोन रायफली विकत घेतल्या. पण टेक्सास विधिमंडळाच्या चौकशी समितीच्या अहवालात त्याआधीच्या महिन्यांची हकिगत जास्त बोलकी आहे. तो १७ चा असताना मॅगझिन आणि बंदुकीचं इतर सामान ऑनलाइन मागवत होता, आणि निदान दोघांना त्याने 'माझ्यासाठी बंदूक घेऊन दे' असं सांगितलं होतं. त्यांनी नकार दिला, ही गोष्ट चांगली. ती पुढे कोणाला सांगितली गेली असती तर आणखी चांगली.

सामानाला फेडरल वयोमर्यादा नाही, म्हणून ते आधी येतं. घरी पार्सल येतात, त्यात बंदूक नाही पण बंदुकीचंच सगळं काही आहे, ही खूण किरकोळ समजू नका. बंदी असलेल्या किंवा गुन्ह्यासाठी बंदूक हवी असलेल्या माणसाला आपल्या नावावर ती घेऊन देणं हा २०२२ पासून स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. तुमच्या कॉलेजातल्या मुलामुलीला हे स्पष्ट सांगून ठेवा. मित्र 'फक्त सही कर' म्हणतो तेव्हा ते प्रकरण मैत्रीचं उरत नाही.

सूचना द्यायची तर अशी द्या की ती हरवणार नाही. एफबीआयने नंतर मान्य केलं की पार्कलंडच्या हल्लेखोराबद्दल ५ जानेवारी २०१८ रोजी आलेला फोन मायामीच्या कार्यालयाकडे पाठवलाच गेला नाही. म्हणून एकाच दारावर थांबू नका: शाळेचे मुख्याध्यापक किंवा समुपदेशक, स्थानिक पोलीस, आणि ऑनलाइन धमकी असेल तर एफबीआय. तिन्हीकडे सांगा आणि प्रत्येक ठिकाणी नोंदीचा क्रमांक मागा. हल्ला आत्ताच होणार असं वाटत असेल तर थेट ९११.

मजकूर कोरडा ठेवा. शब्द जसेच्या तसे, तारीख, वेळ, कोणासमोर बोलला, खात्याचं नाव, पानाचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट. शस्त्र हाताशी आहे का, ठिकाण किंवा दिवस ठरवल्यासारखं बोलतो का, हे माहीत असेल तर लिहा. 'विचित्र मुलगा आहे, एकटा असतो' हे लिहू नका. हल्लेखोराचा असा ठरावीक साचा नसतो, हे सीक्रेट सर्व्हिसचेच अभ्यास सांगतात, आणि अशा वर्णनाने एखाद्या बिचाऱ्या बुजऱ्या पोरावर बालंट येतं. स्क्रीनशॉट पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका. तासाभरात तो शंभर फोनवर जातो, मूळ खातं बंद होतं आणि पुरावा संपतो.

शाळेने धमकी मूल्यांकन पथक नेमलं असेल तर ते धमकी 'दिली' आणि धोका 'आहे' या दोन गोष्टी वेगळ्या तपासतं. मुलाला शाळेतून नुसतं काढून टाकलं आणि पुढे लक्ष ठेवलं नाही, तर मुलगा नजरेआड जातो आणि राग तसाच राहतो. पाठपुराव्याची तारीख विचारा.

रेड फ्लॅग आदेशासाठी अर्ज

हा दिवाणी आदेश आहे, अटक नाही. न्यायाधीश ठरावीक काळासाठी बंदुका जमा करायला आणि नव्या न घ्यायला सांगतात. आदेश तपासणीच्या यंत्रणेत जातो, म्हणजे काउंटरवरची ती कोरी नोंद आता कोरी राहत नाही. वयाच्या अटीला जे जमत नाही ते इथे जमतं, कारण हल्लेखोर चाळिशीचाही असतो, साठीचाही. पहिला असा कायदा कनेटिकटने १९९९ मध्ये केला, आता तो वीसहून जास्त राज्यांत आहे.

कोण अर्ज करू शकतो ते आधी पाहा, नाहीतर अर्ज चुकीच्या दारात अडतो. फ्लोरिडात फक्त पोलीस अर्ज करतात, त्यामुळे तिथे तुमचं काम म्हणजे पोलिसांना भक्कम माहिती देणं. कॅलिफोर्नियात घरचे, सहकारी, मालक आणि शिक्षकही करू शकतात. न्यूयॉर्कमध्ये शाळाही करू शकते.

न्यायालयाच्या संकेतस्थळावरून अर्ज घ्या. पुष्कळ ठिकाणी शुल्क नसतं. प्रतिज्ञापत्रात ताज्या घटनेपासून मागे जा, जुन्यापासून पुढे नको. न्यायाधीशाला तात्पुरत्या आदेशासाठी 'आत्ता धोका आहे' हे पाहायचं असतं, आणि तीन वर्षांपूर्वीच्या भांडणाने सुरू झालेला अर्ज तिथेच थंड पडतो. बंदुका किती, कुठे आहेत, घरात आणखी कोणाच्या आहेत, हे लिहा, कारण जमा करायला जाणाऱ्या पोलिसांना त्याचाच उपयोग होतो. तात्पुरता आदेश समोरच्याला न ऐकता मिळतो. मग बहुतेक राज्यांत सुमारे १४ दिवसांत, कॅलिफोर्नियात २१ दिवसांत सुनावणी होते. तिथे पुराव्याची पट्टी वर जाते आणि समोरचा वकील घेऊन येतो. तुम्ही हजर राहिला नाहीत तर आदेश साधारणपणे गळून पडतो. अंतिम आदेश बहुधा एक वर्षाचा, कॅलिफोर्नियात एक ते पाच वर्षांचा. संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायची तारीख कॅलेंडरमध्ये घालून ठेवा. खोटा अर्ज अनेक राज्यांत गुन्हा आहे.

कायदा बदलायचा असेल तर

टेक्सासमध्ये २०२३ साली सेमी-ऑटोमॅटिक रायफलचं वय २१ करणारं विधेयक सभागृहाच्या समितीतून ८ विरुद्ध ५ मतांनी बाहेर आलं, आणि कामकाजाच्या यादीत यायची मुदत टळल्याने मतदानाशिवाय मेलं. यातून घ्यायचं ते असं की समितीच्या सुनावणीइतकंच नंतरच्या यादीकडे लक्ष ठेवावं लागतं. फोन आणि पत्रं तेव्हा पाठवायची, जेव्हा बाकीच्यांना काम झालं असं वाटत असतं. साक्षीला दोनतीन मिनिटं मिळतात. त्यात एकच दुरुस्ती मागा: खासगी विक्रीलाही वयाची अट लावा, किंवा सुरक्षित साठवणीचं कलम जोडा.

साक्ष द्यायला नागरिकत्व लागत नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरचा माणूसही बोलू शकतो. मात्र त्याच व्हिसावर बंदूक घेणं किंवा बाळगणं फेडरल कायद्याने बंद आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर वय कितीही असो, ही बंदी लागू आहे, म्हणून रेंजवर मित्राची रायफल हातात घेण्याआधीही हे तपासून पाहावं लागतं.